आपला निरोप शेवटी

नवऱ्यानं माझ्या रेडिओचं नाव 'जावईबापू' ठेवलं आहे. घरातली हवेशीर जागा त्याची, त्याच्यासमोर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, आणि त्याला काही हवं असलं की मी हातातलं काम टाकून धावते, असं नवऱ्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही. गच्चीवर एरियलची तार बांधायच्या परवानगीसाठी सोसायटीच्या चेअरमनशी मी कितीतरी महिने भांडले. टेलिफोन एक्सचेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईपुढे आवाजात कोण टिकणार? शेवटी तार बांधली गेली आणि चेअरमनसाहेबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. दोन्ही गोष्टी मला सोयीच्या झाल्या.

हौशी रेडिओ म्हटलं की लोकांना गाणी आठवतात. आम्हाला गाणी लावायला बंदी आहे. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, मग आपल्या सेटवरून आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्याशी बोलायचं. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही. एक तार, एक बॅटरी आणि माणसाचा गळा, एवढ्यावर भागतं. रोज सकाळी आमचं 'नेट' भरतं, म्हणजे हजेरीच. निफाडहून कुणी थंडी किती पडली ते सांगतं, कळवणहून कुणी गुडघ्यांचं रडगाणं लावतं, आणि साठी उलटलेली माणसं शाळेतल्यासारखी 'हजर' म्हणतात. पण पूर आला, दरड कोसळली, मोबाइल बंद पडले, की जिल्हा कचेरीतून फोन येतो. मग आम्ही हमाल. दुसऱ्यांचे निरोप उचलायचे आणि पलीकडे नेऊन ठेवायचे. पैसे कुणी देत नाही आणि आम्हाला घेताही येत नाहीत.

हे सगळं मला मास्तरांनी शिकवलं. तारखात्यातून निवृत्त झालेला माणूस, आता ऐंशीच्या पुढचा. समोर बसून बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, पण हेडफोनमधली कुजबुज नेमकी ऐकू येते. नाशिकरोडला त्यांच्या घरी रविवारी वर्ग भरायचा. नियम फार कडक. निरोप शब्दाला शब्द पोचवायचा, त्यात आपली अक्कल घालायची नाही. घेणाऱ्यानं तो तसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा आणि 'बरोबर?' विचारायचं. पाठवणाऱ्यानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही. कुणी गेल्याची बातमी उघड्या हवेवर द्यायची नाही, कारण कुठल्या घरात कोण कान लावून बसलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि संकटात आधी जिवावरचे निरोप, मग औषधपाण्याचे, मग खुशालीचे. ऑपरेटरच्या स्वतःच्या घरचा निरोप सगळ्यांत शेवटी. असं का, म्हणून मी तेव्हा विचारलं होतं. मास्तर म्हणाले, माईक ज्याच्या हातात आहे त्यानं आधी आपलंच बोलायचं ठरवलं, तर बाकीच्यांचं ऐकणार कोण? आम्हा सगळ्यांना ते पटलं. पटायला काय जातंय, तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच घरी कुणी आजारी नव्हतं.

त्या वर्गात गुरुजी होते. सुरगाण्याच्या पलीकडे डोंगरात एक आश्रमशाळा आहे, तिथे शिक्षक. जन्मही तिथल्याच पाड्यावरचा. शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचे आणि रविवारी वर्ग संपला की लगेच परतीच्या गाडीला पळायचे. एवढा आटापिटा कशासाठी, असं मी त्यांना छेडलं, तेव्हा त्यांनी एकदाच सांगितलं. पावसाळ्यात नदी चढली की शाळा आणि आजूबाजूचे पाडे पलीकडे अडकतात. एका वर्षी एक पोर तापानं फणफणलं होतं. हे अलीकडच्या काठावर उभे राहून ओरडत होते, पलीकडचे लोक हात हलवत होते, आणि यांचं त्यांना कळेना, त्यांचं यांना कळेना. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परीक्षा पास झाल्यावर त्यांनी शाळेच्या छपरापासून समोरच्या सागापर्यंत तार ओढली, मोटरसायकलची बॅटरी जोडली आणि आमच्या हजेरीत येऊ लागले. 'हजर' मात्र सगळ्यांचं झाल्यावर म्हणायचे. जेवणाचंही तेच. वसतिगृहातलं शेवटचं पोर जेवून उठल्याशिवाय हा माणूस पानावर बसत नसे, आणि हा बसल्याशिवाय त्याची बायको बसत नसे. हे मला ठाऊक असायचं कारण म्हणजे माईकच्या मागून येणारा तिचा आवाज. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणे, तशी तीही गुरुजीच म्हणायची. आम्ही हवापाण्याचं बोलत असू आणि मागून यायचं, 'गुरुजी, भाकर गार झाली.' कधी भांडी वाजत, कधी कोंबड्या. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या कोंबड्यासुद्धा माझ्या ओळखीच्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी, भाताच्या आवणीच्या दिवसांत, तिला नाशिकला दवाखान्यात आणलं. पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन नीट झालं. लग्न झालेली मुलगी आईजवळ राहिली आणि गुरुजी शाळेत परत गेले, कारण वसतिगृह पोरांनी भरलेलं आणि आभाळ पावसानं. जाताना मला म्हणाले, ताई, चार दिवसांत न्यायला येतो, तोवर लक्ष असू द्या. ते पोचले आणि पाऊस लागला तो उघडेच ना.

इकडे गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या खांद्याला लागलं आणि लोक पुलावर फोटो काढायला जमले. तिकडे घाटात दरड आली, नदीवरचा पूल पाण्याखाली गेला, मोबाइलचा टॉवर बंद पडला. पोलिसांचं वायरलेस तालुक्यापर्यंत. त्याच्यापुढे नदीपलीकडच्या सगळ्या पाड्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे गुरुजींची ती एक तार. कचेरीतून फोन आला. मी जावईबापूंना उचललं आणि रिक्षात घातलं.

नियंत्रण कक्षाशेजारची मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली आमच्या वाट्याला आली. मास्तरही आले, घरच्यांनी नको म्हटलं तरी आले. सकाळपासून मी बसायची, दुपारी थोडा वेळ मास्तर, मग अंधारेपर्यंत पुन्हा मी. त्या डोंगरापर्यंत आमचं बोलणं दिवसाउजेडीच चालतं. ऊन उतरलं की जवळची स्टेशनं हळूहळू बुडतात आणि कुठली कुठली परमुलखातली वर येतात. हा हवेचा स्वभाव आहे, त्याला काही इलाज नाही.

दुपारच्या त्या सुट्टीत मी दवाखान्यात जायची. गुरुजींची बायको बारीक अंगाची, कपाळावर गोंदण, आणि पहिल्याच दिवशी मला बघून हसली. म्हणाली, "तुमचा आवाज लय मोठा. मला वाटलं, बाई बी मोठी आसंल." मी जेमतेम पाच फूट. त्या वॉर्डात मग आमचं चांगलं जमलं. ती मला कोंबड्यांची हकीकत सांगायची, आणि मी तिला तिच्या नवऱ्यानं सकाळपासून कुणाकुणाचे काय निरोप दिले ते सांगायची. संध्याकाळी सगळ्यांचं झालं की गुरुजी म्हणायचे, 'आता माझं.' मी सांगायची, बरी आहे, आज पेज घेतली. ते परत म्हणायचे, 'बरी आहे, आज पेज घेतली. बरोबर?' मी 'बरोबर' म्हणायची. एवढंच. याहून जास्त त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मला त्याचा राग यायचा. नवऱ्यानं दोन शब्द जास्त विचारले असते तर काय बिघडलं असतं?

मग तिला ताप आला. तोही मी त्यांना तसाच सांगितला आणि त्यांनी तसाच परत म्हणून दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर डॉक्टर मुलीला बाजूला घेऊन बोलत होते. ताप रक्तात उतरला होता. त्यांचे प्रयत्न चालूच होते, पण वडिलांना बोलावता येत असेल तर बोलावून घ्या, असं ते म्हणाले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. बोलावणार कसं? पूल अजून पाण्याखाली होता आणि घाटातली दरड काढायला यंत्र पोचलं नव्हतं. नेता येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे शब्द.

ती जागी होती आणि चांगली शुद्धीत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, रोज तुम्ही तुमच्या मनानं सांगता, आज मी सांगते तसं सांगा. मग थांबत थांबत तिनं निरोप दिला. "मी बरी हाय. कोंबड्या झाकून ठेवा, मुंगूस फिरतं. पोरं जेवायची थांबू नका. आज आधी तुम्ही जेवा." मी तो परत म्हणून दाखवला आणि 'बरोबर?' विचारलं. तिला या आमच्या पद्धतीची गंमत वाटली, पण मानेनं हो म्हणाली. मग म्हणाली, गुरुजी काय म्हणतात ते सांजच्याला येऊन मला सांगा. मी हो म्हटलं. ती बरी नव्हती, हे तिला कळत होतं आणि मलाही. पण निरोप तिचा होता.

मी कचेरीत आले तर मास्तर घामानं भिजले होते. पलीकडे एका पाड्यावर डोंगराचा कडा खचला होता, दुसरीकडे एक बाई बाळंतपणात अडली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. तालुक्याहून बचावाची नाव निघाली होती, पण ती कुठल्या वळणावर लागू शकते हे फक्त गुरुजींना ठाऊक. मी माईक घेतला आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, की गुरुजी, दवाखान्यातून तुमच्या घरचा निरोप आणलाय, आधी तो घ्या. ते म्हणाले, ताई, आधी इथलं घ्या, बाई अडलीय. ते बरोबरच होतं. मी नावेचं घेतलं, पुढे दिलं. मग खचलेल्या कड्याचं आलं. मग सर्पदंशाचं. मध्ये जरा उसंत मिळाली तेव्हा मी पुन्हा म्हटलं, आणि आता आवाज चढवून म्हटलं, की गुरुजी, तुमचा निरोप थांबण्यासारखा नाही.

"माझं शेवटी," ते म्हणाले.

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. मी पुढचे निरोप घेत राहिले. खिडकीबाहेरचा उजेड कमी होत होता आणि त्याबरोबर गुरुजींचा आवाज खाली खाली जात होता. सगळ्यांचं संपलं तेव्हा तो इतका बारीक झाला होता की मी डोळे मिटून ऐकत होते. 'ताई, आता माझं सांगा,' एवढं कानावर आलं. मी तिचा निरोप सांगितला. शब्द सुटा सुटा करून पुन्हा सांगितला. मग तर बाहेरच्या शिपायाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितला. तिकडून नुसती खरखर आली आणि तिच्यात कुणीतरी परक्या भाषेत आपसात बोलत होतं. परत म्हणून दाखवणं नाही, 'बरोबर' नाही. निरोप पोचला नाही.

त्या अडलेल्या बाईला मुलगी झाली आणि दोघी वाचल्या, हे नंतर कळलं. फार चांगलं झालं. तरी त्या संध्याकाळचा माझा राग त्यानं कमी होत नाही, आणि तो नेमका कुणावर आहे हेही मला आजवर सांगता आलेलं नाही.

रिक्षात बसून दवाखान्यात जाताना माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. 'जेवतो म्हणाले.' दोन शब्द, ऐकून ती सुखावली असती आणि कुणाचं काही वाकडं झालं नसतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे नेले, न आलेला शब्द आणणं मला जमेना. तिनं डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, पोचला नाही गं अजून, सकाळी सगळ्यांत पहिला सांगते. ती नाराज झाली नाही. उलट थोडी हसली. म्हणाली, "शेवटी ठेवला आसंल. पानावर बी त्यांचा लंबर शेवटचाच." मग कूस बदलायला तिला त्रास होत होता म्हणून मुलीनं आणि मी मिळून तिला वळवलं. तिचा हात भट्टीसारखा तापला होता.

पहाटे मुलीचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. एकच वाक्य नीट बोलली, की बाबांना तुम्हीच सांगा.

कचेरीत मास्तर माझ्याआधी पोचले होते. त्यांना मी माझ्या तोंडानं सांगितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हेडफोन कानाला लावले. गुरुजी वेळेवर हवेवर आले. आवाज इतका स्वच्छ होता की शेजारच्या खोलीतून बोलताहेत असं वाटलं. त्यांच्याकडे स्पीकर मोठा लावलेला असायचा, कारण आपापल्या निरोपासाठी पाड्यांवरची माणसं आणि शाळेची पोरं भोवती उभी असत. आणि त्या सकाळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी आपलं आधी विचारलं. म्हणाले, ताई, काल तुमचा आवाज बुडाला. माझं काय होतं?

मेल्याची बातमी हवेवर द्यायची नाही. नियम नसता तरी मला ती देता आली नसती, एवढ्या पोरांच्या देखत. मी माईकचं बटण दाबलं आणि विचारलं, "गुरुजी, तुमच्या जागी बसायला कुणी आहे का?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असता तर साधा होता. पण पूर चालू असताना, पलीकडे ते एकच स्टेशन असताना, ऑपरेटरला उठायला सांगतात ते एकाच कारणासाठी. ते त्यांनीही मास्तरांच्याच वर्गात ऐकलेलं होतं. मग आवाज आला, की स्वयंपाक्याला बटण दाबायला शिकवून ठेवलंय. मी म्हटलं, मग त्याला बसवा आणि तुम्ही निघा. पूल नसला तरी कालची बचावाची नाव अलीकडे सोडेल, दरडीला वळसा घालून डोंगरावरून चालत या, सोबत माणसं घ्या, तालुक्याला गाडी उभी असेल. मुलगी इथे वाट बघतेय.

"कळलं," ते म्हणाले. "आधी इथले निरोप घ्या."

मी नको म्हणत होते, पण त्यांनी सुरुवात केली होती, आणि एक बोलत असताना दुसऱ्याचं त्याला ऐकू जात नाही. त्यांनी सगळे निरोप दिले. कुणाच्या साखरेच्या गोळ्या, कुणाच्या मुलाला नाशिकला कळवायचं की घर पडलं पण माणसं सुखरूप आहेत, वसतिगृहाचा तांदूळ किती उरला. नेहमीचाच पुस्तकी, शाळामास्तरी आवाज, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मलाच दोनदा त्यांना परत सांगायला लावावं लागलं. मग ते म्हणाले, "आता माझं."

मी माईक खाली ठेवला. मास्तरांना हेडफोन काढायला लावले आणि त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, कसा पाठवू? त्यात 'मी बरी हाय' असं आहे. मास्तर माझ्याकडे बघत होते, त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातलाच होता.

"तू घेतलायस ना?" ते म्हणाले. "मग पोचव. तो तिचा आहे, तुझा नाही."

मी बटण दाबलं. निरोप काल दुपारचा आहे, हे आधी सांगितलं, कारण वेळ सांगायची पद्धत आहे आणि कारण मला ते सांगायचंच होतं. मग तिनं सांगितला तसा सांगितला, तिच्याच बोलीत, तिच्याइतकाच थांबत थांबत. माझं रडू त्यात मिसळू नये म्हणून मी दुसऱ्या हाताची नखं तळव्यात रोवून धरली होती. संपल्यावर बटण सोडलं.

मग गुरुजींनी तो परत म्हणून दाखवला. मुलांना प्रमाण भाषा शिकवणारा माणूस, माईकवर कधी 'नाय' म्हणाला नव्हता. त्यानं तिचा एकही शब्द बदलला नाही.

"मी बरी हाय. कोंबड्या झाकून ठेवा, मुंगूस फिरतं. पोरं जेवायची थांबू नका. आज आधी तुम्ही जेवा." आणि मग, "बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

त्यांनी बटण पुन्हा दाबलं. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता, आणि पंगतीला बसायला निघालेल्या पोरांच्या ताटल्यांचा.

"ताई," ते म्हणाले, "पोरांचं अजून व्हायचंय. मी आधी जेवून घेतो. मग निघतो."